लांबणारी नळी : तिचे गुण आणि दोष

गेल्या उन्हाळ्यांत आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. तो आतां घरोघर जाऊन एसी साफ करण्याचा, मोटारी धुण्याचा व खिडक्यांच्या जाळ्या स्वच्छ करण्याचा धंदा करितो. त्याच्या दुचाकीला लटकविलेल्या दोन पिशव्या हेंच त्याचें दुकान. त्या दिवशीं त्याचा चेहरा उतरला होता. पिशवींतून त्यानें एक निळी, चुणीदार कापडाची नळी काढली आणि टेबलावर ठेवली. एका टोकाजवळ तिचें कापड फुगून फाटलें होतें व आंतील रबर बाहेर डोकावत होतें.

हकीकत अशी. एका इमारतींत तिसऱ्या मजल्यावरील घरीं त्यानें ही नळी स्नानगृहांतील नळाला जोडली व दिवाणखान्यांतून गॅलरीपर्यंत नेली. मध्यें एक पाना हवा झाला. तेव्हां त्यानें हातांतील स्प्रेगन बंद केली, नळ मात्र तसाच उघडा ठेवला, आणि तो खालीं दुचाकीकडे गेला. परत येतो तों दिवाणखान्यांत पाणीच पाणी. गादी भिजली, जमिनीवर ठेवलेलीं त्या घरच्या मुलीचीं शाळेचीं पुस्तकें भिजलीं. भरपाई करितां करितां त्याची अर्ध्या महिन्याची कमाई गेली; आणि त्याहून वाईट म्हणजे त्या इमारतींतील चार घरांचें काम गेलें. सर्व सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सर, एवढेंच सांगा, दोष नळीचा कीं माझा?"

मीं त्याला लगेच उत्तर दिलें नाहीं. कारण या प्रश्नाचें खरें उत्तर देण्यासाठीं ती नळी कशी काम करिते हें आधीं समजलें पाहिजे. तेंच आज आपण पाहूं. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशी नळी असेल. बाजारांत तिला 'मॅजिक होज' किंवा 'मॅजिक पाईप' म्हणतात. कित्येकांच्या वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा धंदाहि पाण्याच्या नळीवर चालत असेल. तेव्हां हा पाठ केवळ पुस्तकी नाहीं.

पाणी एका जागेहून दुसऱ्या जागीं नेणारी लवचिक नळी ही तशी जुनी वस्तु आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हॉलंडांतील आम्स्टरडॅम शहरीं यान व्हान डर हाइडन या चित्रकारानें आपल्या भावाच्या साहाय्यानें आग विझविण्यासाठीं चामड्याची शिवलेली नळी प्रचारांत आणली, व इ. स. १६९० मध्यें आपल्या अग्निबंबांवर एक सचित्र ग्रंथहि प्रसिद्ध केला. पुढें चार्ल्स गुडइयर यास इ. स. १८४४ मध्यें अमेरिकेंत रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट मिळालें, आणि त्यानंतर चामड्याची जागा हळूहळू रबरानें घेतली. आपण बागेंत वापरतों ती जाळीदार दोऱ्याची, प्लॅस्टिकची नळी ही त्या रबरी नळीचीच धाकटी बहीण होय.

या सर्व नळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्या पाणी नसतांनाहि जेवढ्या लांब, तेवढ्याच पाणी असतांना लांब. लांबणाऱ्या नळीचें तसें नाहीं. तिच्या बाबतींत अमेरिकेंतील मायकेल बेरार्डी यांना इ. स. २०१२ मध्यें पेटंटें मिळालीं. पुढें या कल्पनेंत गॅरी रॅग्नर या दुसऱ्या संशोधकाचाहि वांटा होता किंवा कसें, यावर न्यायालयांत वाद झाला. रॅग्नर यांनीं त्यापूर्वीं स्प्रिंगच्या जोरावर आंखडणारी नळी बनविली होती, आणि दोघांची इ. स. २०११ मध्यें भेटहि झाली होती. अखेर इ. स. २०२३ मध्यें अमेरिकेंतील अपील न्यायालयानें रॅग्नर हे सहसंशोधक होत, हा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम केला. शोधाचें श्रेय एकट्याचें क्वचितच असतें, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां नळीची रचना पाहूं. हिच्यांत वस्तुतः दोन नळ्या आहेत. आंतली नळी मऊ, ताणली जाणारी, रबराची किंवा रबरासारख्या पदार्थाची. बाहेरची विणलेल्या मजबूत कापडाची. ती ताणत नाहीं. या दोन नळ्या फक्त दोन्ही टोकांस एकमेकींना जोडलेल्या असतात. मधल्या सर्व लांबींत त्या एकमेकींपासून मोकळ्या असतात. आंतील रबर कोरडें असतांना समजा पांच मीटर लांब आहे; बाहेरचें कापड पंधरा मीटर लांब आहे. तेव्हां पाणी नसतांना तें पंधरा मीटरांचें कापड चुण्या पडून पांच मीटरांत गोळा होऊन बसतें. लेंग्याच्या नेफ्यांत नाडी ओढली म्हणजे कापड जसें गोळा होतें, तसेंच हें.

नळ सोडला म्हणजे काय होतें? पाण्याचा दाब सर्व बाजूंस सारखा पडतो, हा पास्कलचा सिद्धान्त तुम्ही शिकलांच आहांत. तो दाब नळीच्या बंद टोकावरहि पडतो व त्या टोकाला पुढें ढकलतो. रबर ताणतें, लांब होतें. कापडाच्या चुण्या एक एक करून उलगडतात. रबर रुंदहि होऊं पाहतें, पण कापड त्याला एका मर्यादेपलीकडे फुगूं देत नाहीं. शेवटीं कापड पूर्ण ताठ झालें म्हणजे लांबणें थांबतें. येथून पुढें सर्व भार कापड सोसतें. म्हणजे पाणी न गळूं देण्याचें काम रबराचें आणि दाब सोसण्याचें काम कापडाचें, अशी ही कामाची वांटणी आहे.

टोक किती जोरानें ढकललें जातें याचें गणित सोपें आहे. नळीचा आंतील व्यास १.६ सेंटिमीटर धरला तर तिच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें २ चौरस सेंटिमीटर होतें. इमारतींत प्रेशर पंप असून त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो असेल तर टोकावरील जोर ६ किलो. आतां दुसरें उदाहरण घ्या. एकमजली घर आहे, गच्चीवर टाकी आहे, आणि टाकींतील पाण्याची पातळी नळापासून ४ मीटर उंच आहे. पाण्याच्या १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलो दाब मिळतो. म्हणून येथें दाब ०.४ किलो, आणि टोकावरील जोर फक्त ०.८ किलो! एवढ्याशा जोरानें रबर कितीसें ताणणार? "विकत घेतांना पंधरा मीटर सांगितली, घरीं मात्र सात मीटरहि होत नाहीं," अशी तक्रार आपल्याकडील कित्येक लोक करितात तिचें कारण हेंच. नळी खोटी नसते. टाकी ठेंगणी असते.

आणखी एक गोष्ट. नळीचें दुसरें तोंड सताड उघडें ठेवलें तर पाणी मोकळें वाहून जातें, टोकाशीं दाब उरत नाहीं व नळी लांबत नाहीं. म्हणून या नळीच्या तोंडाशीं पाणी अडविणारें कांहीं तरी, म्हणजे स्प्रेगन किंवा अरुंद नोझल, असावेंच लागतें. गन उघडली कीं नळी थोडी आंखडते व बंद केली कीं पुन्हां लांबते, हें ज्यांनीं ती वापरली आहे त्यांनीं पाहिलेंच असेल.

आतां गुणांचा विचार करूं. पहिला गुण हलकेपणा. पंधरा मीटरांची जाड रबरी नळी खांद्यावर घेऊन तीन जिने चढणें किती कष्टाचें आहे, हें ती वाहणाऱ्यालाच ठाऊक. ही नळी एका पिशवींत मावते. ज्याचें दुकान दुचाकीवर आहे, त्याला हा गुण लहान नव्हे. दुसरा गुण असा कीं ती सहसा पिळत किंवा मुरडत नाहीं. प्लॅस्टिकच्या नळीला वेटोळें घालून ठेवल्याची संवय लागते व उलगडतांना ती जागोजाग मुरडून पाणी अडवते. मऊ रबराला अशी संवय लागत नाहीं. तिसरा गुण म्हणजे काम संपल्यावर ती आपोआप आंखडते व आपल्यांतील पाणी स्वतःच बाहेर टाकते. १.६ सेंटिमीटर व्यासाच्या पंधरा मीटर नळींत सुमारें ३ लिटर पाणी असतें. साध्या नळींत तें सांचून राहतें व उन्हानें तापून खराब होतें. या नळींतील शेवटचें तीन लिटर पाणी बादलींत धरून ठेवावें. त्यानें मोटारीचीं दोन चाकें सहज धुवून होतात.

आतां दोष. लक्ष देऊन पाहाल तर प्रत्येक दोष वरील गुणांच्याच पोटीं जन्मलेला दिसेल.

नळी हलकी कां? कारण तिचें रबर पातळ आहे आणि ताणल्यावर तें आणखीच पातळ होतें. पातळ रबराला ऊन, उष्णता व हवेंतील ओझोन लवकर जेरीस आणतात. तेल व पेट्रोल लागलें तर नैसर्गिक रबर फुगतें व सैल पडतें. मोटारी धुणाऱ्याच्या अंगणांत तर ऊन आणि तेल यांना तोटा नाहीं. नळी सहज लांबते कां? कारण रबर व कापड मधल्या लांबींत मोकळीं आहेत. म्हणूनच कुंपणाच्या तारेनें किंवा पायरीच्या धारेनें कापडाचे चार धागे तुटले, तर तेवढ्या भोकांतून रबराचा फुगा बाहेर येतो व क्षणांत फुटतो. साधी नळी फुटली तर फुटका भाग कापून, मध्यें जोड घालून, दोन क्लिपा आवळून ती दहा मिनिटांत चालू करितां येते. ही नळी मध्यभागीं फुटली तर बहुधा टाकूनच द्यावी लागते. नळी आपोआप आंखडते कां? कारण तिच्या ताणलेल्या रबरांत शक्ति सांठलेली असते. दाब असतांना नळाजवळचें कपलिंग निसटलें, तर तीच शक्ति तें टोक झटक्यानें मागें फेंकते. जवळ लहान मूल असेल तर इजा होण्यास वेळ लागत नाहीं.

धंद्यांतील माणसानें यांत आणखी दोन गोष्टी जोडाव्या. पहिली गोष्ट दाबानें पाणी मारणाऱ्या यंत्राची. असें घरगुती यंत्र मिनिटाला साधारण सहा ते सात लिटर पाणी मागतें. नळाकडून तेवढें पाणी येत नसेल तर यंत्र नळींतून पाणी ओढूं लागतें; मऊ नळी आंतून चपटी होते, यंत्राला पाण्याऐवजीं हवा मिळते व त्याचा पंप बिघडतो. बादलींतून पाणी ओढणाऱ्या लहान पंपाच्या तोंडाला तर ही नळी मुळींच चालत नाहीं. तेथें दाब नसून ओढ असते, आणि ओढीनें ही नळी लांबत नाहीं, मिटते. त्या ठिकाणीं आंत तारेचें वेटोळें असलेली ताठ नळीच पाहिजे. यंत्राच्या पुढच्या बाजूस तिला लावण्याचा विचारहि करूं नये. तेथें दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलो किंवा त्याहून अधिक दाब असतो.

दुसरी गोष्ट नळीच्या पोटाच्या रुंदीची. कपलिंगचें भोंक जितकें अरुंद, तितकें पाणी कमी. १२ मिलिमीटर व १८ मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्यांत फरक दीडपट वाटतो. पण क्षेत्रफळाचा फरक सव्वादोनपट आहे. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. पंधरा लिटरांची बादली नळाखालीं ठेवून ती किती सेकंदांत भरते तें पाहावें. मग नळी जोडून, गन पूर्ण उघडून, पुन्हां पाहावें. नुसत्या नळानें साठ सेकंद व नळीनें नव्वद सेकंद लागले, तर मिनिटाला पंधरा लिटर येणारें पाणी दहा लिटरांवर आलें. म्हणजे एक तृतीयांश पाणी नळीच्या अरुंदपणानें अडविलें. ज्याला तासावर पैसे मिळतात त्यानें ही परीक्षा नळी घेतल्याच्या पहिल्याच दिवशीं करावी.

येथें कोणी म्हणेल, पाणी कमी आलें तर बरेंच कीं! आपल्या महाराष्ट्राला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाहीं. इ. स. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें, हें तुमच्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल. पण पाण्याची बचत नळीच्या जातीवर अवलंबून नसून हातावर असते. मिनिटाला दहा लिटर पाणी दहा मिनिटें सोडलें तर शंभर लिटर गेलें. तीच मोटार फडकें आणि दोन बादल्यांनीं तीस लिटरांत निघते. गन हातांत आहे म्हणून साबण लावतांना ती बंद ठेवितां येते, हा लाभ खरा. मात्र गन बंद असतांना नळीवर संपूर्ण दाब असतो, हें विसरतां कामा नये.

आणि येथेंच आपल्या मित्राच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. पाणी वाहत असतांना दाबाचा कांहीं भाग वाहण्यांत खर्च होतो. गन बंद केली कीं वाहणें थांबतें व पंपाचा सर्व दाब त्या पातळ रबरावर आणि कापडावर येऊन बसतो. नळी हातांत असतांना तो धोका आपल्या नजरेखालीं असतो. आपण खालीं गेलों कीं त्यावर कोणाचा पहारा? शिवाय कपलिंगच्या तोंडाशीं रबर घट्ट आवळलेलें असतें व थोड्या अंतरावर तें मोकळें ताणतें. ताठ आणि मऊ यांच्या त्या सीमेवरच तें पुनःपुन्हां वांकून झिजतें. त्याची नळी नेमकी तेथेंच फुटली होती.

मीं त्याला म्हटलें, "नळीनें आपला स्वभाव लपविला नव्हता, तूं तो विचारला नाहींस. तिच्या हलकेपणाचा फायदा तूं दोन वर्षें घेतलास. त्या हलकेपणाची किंमत एवढीच होती, कीं तिला उघड्या नळावर एकटी सोडूं नये. ती किंमत तूं त्या दिवशीं दिली नाहींस, म्हणून दुसऱ्याच्या घरीं ती वसूल झाली."

तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ही टाकून देऊं?" मीं म्हटलें, "ही तर फुटलीच आहे. पण हिची जात टाकून देण्याचें कारण नाहीं. कोणतें काम कोणत्या नळीचें, तेवढें ठरव." मग आम्ही दोघांनीं बसून एक लहानशी यादी केली. ती तुमच्याहि उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों.

उघड्या अंगणांत, पुरेसा दाब असलेल्या नळावर, माणूस जवळ उभा असतांना लांबणारी नळी खुशाल वापरावी. ठेंगण्या टाकीच्या नळावर, पाणी ओढणाऱ्या यंत्राला, खडबडीत जमिनीवर किंवा तेलकट जागीं जाळीदार जाड नळीच वापरावी. घरांतून नळी न्यावयाची असेल तर तीहि जाड नळीच असावी, आणि तिचाहि नळ आपण दूर जातांना बंद असावा. लांबणारी नळी सुरू करितांना प्रथम गन बंद ठेवून नळ हळूहळू सोडावा, नळी पूर्ण लांबूं द्यावी, मगच गन उघडावी. संपवितांना प्रथम नळ बंद करावा, मग गन दाबून सर्व पाणी काढून टाकावें. नळी रिकामी करून सावलींत ठेवावी. पाणी भरलेली नळी ओढून नेऊं नये, उन्हांत ठेवूं नये, व तिचें पाणी पिऊं नये.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग सांगून हा पाठ संपवितों. जुन्या सदऱ्याची बाही शिवून दोन बोटें रुंद अशी कापडी नळी करा. तींत एक लांबट फुगा घाला, आणि अंगणांत बादलीवर धरून त्यांत हळूहळू पाणी भरा. फुगा कापडाइतकाच फुगून थांबेल; दाबून पाहाल तर तो ताठ लागेल. आतां कात्रीनें कापडाला, फुग्याला न लागेल असें, मुगाएवढें भोंक पाडा. फुगा त्या भोंकांतून कसा डोकावतो तें पाहा, आणि पाण्याचा दाब वाढविल्यावर पुढें काय होतें तेंहि पाहा. जें तिसऱ्या मजल्यावर एका गरीब कामकऱ्याच्या अर्ध्या महिन्याच्या कमाईला शिकावें लागलें, तें तुम्हांला एका फुग्याच्या किमतींत शिकतां येईल.

तो विद्यार्थी परवां पुन्हां भेटला. आतां त्याच्या दुचाकीला दोन नळ्या असतात, एक हलकी व एक जाड. नळाच्या तोटीला तो एक तांबडी चिंधी बांधतो. नळ बंद करून ती सोडल्याशिवाय जिना उतरावयाचा नाहीं, असा त्याचा नेम आहे. ज्या घरांत पाणी शिरलें होतें त्या घरच्या बाईंनीं त्याला एकदां काम देऊन पाहिलें. त्या मुलीनें, तो काम करीत असतांना, आपलीं पुस्तकें उचलून कपाटावर ठेविलीं. तो म्हणाला, "सर, मला वाईट वाटलें नाहीं. नळ बंद करून मीं तिला चिंधी दाखविली." पुढच्या खेपेस पुस्तकें जमिनीवरच होतीं.